पातेलंभर पाणी आणि न दिसलेला गुलाब: क्लिशीच्या एका पेपरवेटचं प्रकरण

हे प्रकरण नान्सीतल्या एका कुटुंबाचं आहे. त्यांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वस्तू, मापं आणि निर्णयांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे, कारण चूक नेमकी कुठे झाली ते त्या क्रमातच दिसतं. त्या चुकीतला मोठा वाटा माझा आहे.

पार्श्वभूमी

नान्सी हे पूर्व फ्रान्समधलं शहर. इथून रेल्वेने तासाभरावर बकारा लागतं, आणि ईशान्येकडे जंगलाच्या कुशीत सें-लुई. क्रिस्टल काचेचे हे दोन्ही कारखाने अठराव्या शतकापासून आजतागायत चालू आहेत. तिसरा कारखाना होता क्लिशी, पॅरिसच्या वेशीवर. तो १८३७ मध्ये सुरू झाला आणि १८८५ मध्ये सेव्र इथल्या काच कारखान्यात विलीन होऊन संपला. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच पेपरवेटांविषयी बोलताना जाणकार मुख्यतः या तीन नावांविषयी बोलत असतात.

आत रंगीत काचेची नक्षी असलेल्या या पेपरवेटांची लाट आली १८४५ मध्ये. त्या वर्षी व्हिएन्नातल्या औद्योगिक प्रदर्शनात पिएत्रो बिगाल्या या व्हेनिसच्या काचकाराने रंगीत कांड्यांचे तुकडे आत भरलेले काचेचे गोळे मांडले होते. यूजेन पेलिगो हे पॅरिसचे प्राध्यापक पॅरिसच्याच व्यापारी मंडळाच्या वतीने प्रदर्शन पाहायला गेले होते. त्यांनी आपल्या अहवालात या गोळ्यांची दखल घेतली. फ्रेंच कारखाने तोवर याच कामाला लागले होते: सें-लुईच्या तारीख घातलेल्या सर्वांत जुन्या पेपरवेटवर १८४५ हेच साल आहे, बकाराच्या १८४६. टपाल स्वस्त होत होतं, पत्रं लिहिण्याचा शौक वाढत होता, आणि कागद-दौतीच्या दुकानांतून ही पेपरवेट विकली जात. जेमतेम पंधरा वर्षांत ती फॅशन ओसरली. पण त्या पंधरा वर्षांत जे घडलं, त्याच्या तोडीचं काम पुढची कित्येक दशकं कुणाला जमलं नाही, असं माझं मत आहे.

हे काम कसं व्हायचं ते थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. वितळलेल्या रंगीत काचेचा गोळा लोखंडी साच्यात दाबून त्याला चांदणीचा किंवा फुलाचा छेद द्यायचा. त्यावर दुसऱ्या रंगाचा थर, पुन्हा साचा. मग दोन कारागिरांनी तो मऊ गोळा दोन टोकांना धरून एकमेकांपासून लांब चालत जायचं. गोळा ताणला जाऊन पेन्सिलीएवढी किंवा त्याहून बारीक कांडी तयार होते आणि आतलं फूल त्याच प्रमाणात लहान होतं. कांडी गार झाली की तिच्या चकत्या पाडायच्या, त्या चिमट्याने एकेक करून मांडायच्या, तापवायच्या आणि वरून स्वच्छ काचेच्या तप्त गोळ्याने उचलायच्या. मग आणखी काच घेऊन ओल्या लाकडी साच्यात घुमटाला आकार द्यायचा, आणि शेवटी भट्टीत हळूहळू निववायचं. घुमट हे भिंगच असतं. खाली चार-पाच मिलिमीटरची चकती असली, तरी वरून बघणाऱ्याला ती टपोरी दिसते. म्हणजे घुमटाचा आकार हा वस्तूचा अर्धा प्राण आहे.

मी लिलावाआधी काचवस्तूंच्या नोंदी करायचं काम करते. या घरची सून साताऱ्याकडची. आमची ओळख इथल्या दिवाळीच्या जेवणातली. एका संध्याकाळी तिचा फोन आला. "ताई, सासूबाईंच्या टेबलावरची दोन पेपरवेट आहेत. एकावर १८४८ लिहिलंय. तुम्ही जरा येऊन बघाल का?"

प्रश्न काय होता

सासूबाई ८४ वर्षांच्या. वृद्धाश्रमात जायचं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं आणि घर आवरायला काढलं होतं. त्यांच्या वडिलांनी घेतलेली ही दोन पेपरवेट. एक विकून आश्रमाच्या खर्चाला हातभार लावायचा आणि दुसरं नातीला आठवण म्हणून द्यायचं, असं घरात ठरलं होतं. कुठलं विकायचं याबद्दल कुणाला शंका नव्हती. ज्यावर तारीख आहे ते.

तारखेचं पेपरवेट उंच घुमटाचं, चकचकीत, वर्तुळात वर्तुळ अशा रांगांनी भरलेलं. बाहेरच्या एका रांगेत '१८४८' स्पष्ट वाचता येत होतं. दुसरं बिचारं मुकं. सही नाही, तारीख नाही. सारा घुमट बारीक ओरखड्यांनी धुरकटलेला, त्यात माथ्याजवळ एक जबर मुका मार. मुका मार हा शब्द इथे अगदी चपखल बसतो: वर टवका उडालेला नसतो, पण आत चंद्रकोरीच्या आकाराचा तडा असतो आणि प्रकाश तिथेच अडकून पांढरा दिसतो. त्या धुक्याखाली पांढऱ्या जाळीची जमीन आणि तिच्यावर विखुरलेल्या रंगीत चकत्या अंधूक दिसत होत्या.

सासूबाईंचा पुतण्या जुन्या बाजारात उठबस असलेला. तो दोन्हींना 'सुल्फ्यूर' म्हणत होता. फ्रान्समधल्या जुन्या बाजारात सगळ्याच पेपरवेटांना असं म्हणतात. खरं तर तो शब्द काचेत पुरलेल्या पांढऱ्या उठावचित्राच्या पेपरवेटांचा. त्याचं म्हणणं होतं की १८४८ म्हणजे बकारा, आणि बकारा म्हणजे वर्षभराचा आश्रमाचा खर्च निघाला.

मला दोन गोष्टी विचारण्यात आल्या. तारखेचं खरं आहे का? आणि मुकं नातीला द्यायच्या आधी पॉलिश करून घ्यावं का?

तारखेचं पेपरवेट: पहिला निर्णय

पहिल्या प्रश्नाला मी दोन तास दिले, आणि तिथे माझं चुकलं नाही.

बकाराच्या खऱ्या जुन्या पेपरवेटात तारखेच्या वर सहसा 'बी' हे अक्षर असतं, सें-लुईच्या तारखेसोबत 'एसएल'. इथे दोन्ही नव्हती. बकाराच्या तारखेतला प्रत्येक आकडा वेगळ्या बारीक कांडीवर असतो, लाल, निळ्या, हिरव्या अशा रंगांत, आणि ती तारीख इतकी लहान असते की नवख्याला शोधावी लागते. इथे ती ठळक होती, दुकानाच्या पाटीसारखी. चकत्या मोठ्या आणि दातेरी चाकांसारख्या होत्या, रांगा सैल. बुडावरचे ओरखडेही पाहिले. शंभर-दीडशे वर्षं टेबलावर सरकलेल्या वस्तूच्या बुडाशी, जिथे ती टेकते त्या कड्यावरच, सर्व दिशांनी गेलेले ओरखडे असतात. इथे ते फार विरळ होते.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत १९२०–३० च्या दशकांत अशी '१८४८' घातलेली पेपरवेट आणि दौती झाल्या. त्या बराच काळ लंडनच्या व्हाइटफ्रायर्स कारखान्याच्या, आणि खरोखरच १८४८ च्या, म्हणून विकल्या गेल्या. हे त्याच घराण्यातलं वाटत होतं. एवढंच नाही, खुद्द बकारातही त्याच दशकांत जुन्या धर्तीची पेपरवेट झाली आणि त्यांतल्या काहींत काळाशी न जुळणाऱ्या तारखा आहेत. काचेत घातलेली तारीख म्हणजे जन्मदाखला नव्हे.

मला पूर्ण भरवशाची वाटणारी एक तारीख सांगते. बकारा गावचं सें-रेमी चर्च दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालं. १९५१ मध्ये त्याच्या पायाच्या दगडात एक पेपरवेट सापडलं. त्यावर २४ एप्रिल १८५३ ही तारीख आहे. तोवर बकाराच्या तारखा १८४९ पाशी थांबतात असं मानलं जात होतं. त्या तारखेवर विश्वास ठेवता येतो तो ती काचेत आहे म्हणून नाही. जवळपास शंभर वर्षं दगडाखाली तिला कुणाचा हात लागला नव्हता, म्हणून.

घरच्यांना मी सांगितलं: हे फ्रेंच नाही, बहुधा इंग्लिश आहे, विसाव्या शतकातलं आहे. पुतण्या नाराज झाला. सून गप्प बसली. खोलीतला सगळा वेळ, सगळं लक्ष त्या एका पेपरवेटने खाल्लं होतं.

मुक्याबद्दलचे पर्याय: दुसरा निर्णय

मग निघता निघता दुसरा प्रश्न आला. त्याला मी किती वेळ दिला हे आठवून अजून मनाला लागतं. पाच मिनिटंसुद्धा नसतील. भिंगातून पाहिलं, धुरकट दिसलं. म्हटलं, व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचं असेल, गेल्या शतकातलं. मुरानोत हजारोंनी होतात.

पर्याय तीन होते.

आहे तसं ठेवायचं. याने वस्तूला काही होत नाही. पण नात ११ वर्षांची. आजीची म्हणून मिळालेली वस्तू धुरकट, फुटकी दिसणार याचं सुनेला वाईट वाटत होतं.

फक्त माराच्या जागेवर सपाट खिडकी घासायची. काच कमी जाते, पण घुमटाचा गोल मोडतो आणि त्या खिडकीतून खालच्या चकत्या वेगळ्याच आकाराच्या दिसतात. जुन्या पेपरवेटांना अशा कापीव खिडक्या कारखान्यातच केलेल्या असतात, त्या मुद्दाम आखून सारख्या अंतरावर. एकुलती एक खिडकी मलमपट्टीसारखी दिसते.

सगळा घुमट नव्याने घासून पॉलिश करायचा. यात मार जितका खोल, तितकी काच माथ्यावरून जाते, आणि गोल राखायचा तर आजूबाजूचीही. शेवटी घुमट ठेंगणा होतो, भिंगाची ताकद कमी होते, आतली नक्षी लहान दिसते. कडेच्या चकत्या पृष्ठभागाच्या फार जवळ आल्या तर त्याच घासल्या जायची भीती.

पॉलिश करणं म्हणजे पाप असं मी म्हणत नाही. चांगल्या हाताने, गरजेपुरतं केलेलं पॉलिश संग्राहक स्वीकारतात. मोठमोठ्या संग्रहांतली कितीतरी पेपरवेट पूर्वी कधीतरी घासलेली आहेत. अट एवढीच की वस्तू काय आहे ते आधी कळलेलं असावं आणि काय केलं ते लिहिलेलं असावं. आम्ही पहिली अट पाळली नाही. "आठवणीचीच वस्तू आहे ना," मी म्हटलं, "मग पूर्ण घुमट करून घ्या, छान दिसेल."

एक काळजी मात्र घेतली. नीट न निववलेल्या काचेत ताण राहतो आणि घासताना निघणाऱ्या उष्णतेने ती तडकू शकते. म्हणून लॅपटॉपचा पडदा पांढरा करून त्याच्यासमोर पेपरवेट धरलं आणि पोलरॉइड गॉगलमधून पाहिलं. ताण असेल तर रंगीत पट्टे, काळे क्रॉस दिसतात. फारसं काही दिसलं नाही. तेव्हाच मनात यायला हवं होतं की इतकी छान निववलेली काच स्वस्तातल्या मालात सहसा नसते. नाही आलं.

केलेली कृती

काम एका निवृत्त क्रिस्टल-कारागिराने केलं. त्यांच्या हातात मला काहीच खोट काढता येत नाही. फिरत्या चाकावर पाण्याच्या धारेखाली आधी जाड कणांनी घासणं, मग बारीक, मग प्युमिस, शेवटी फेल्टच्या चाकावर सीरियम ऑक्साइडची गुलाबी लापशी. त्यांनी सुरुवातीला सुनेला विचारलं होतं, "हे कुठलं आहे माहीत आहे ना?" तिने माझं मत सांगितलं. ते पुढे काही बोलले नाहीत.

दहा दिवसांनी तिने फोटो पाठवला. फोटो मोठा केला आणि मी उभीच राहिले. काच आता आरशासारखी होती. पांढऱ्या जाळीच्या जमिनीवर, जिला संग्राहक मलमल म्हणतात, १७ चकत्या विखुरलेल्या. आणि मधल्या चकतीच्या डाव्या अंगाला, बरोबर जिथे मुका मार होता त्याच्याखाली, गुलाब. गुलाबी पाकळ्या एकीवर एक दाटीने मिटलेल्या, मध्ये पिवळसर ठिपका, बाहेर हिरव्या पाकळीदलांचं कोंदण. अर्धवट उमललेला, वरून पाहिलेला गुलाब.

अशा गुलाबासाठी क्लिशी ओळखला जातो. दुसऱ्या कारखान्यांनीही अधूनमधून गुलाब केले, म्हणून फक्त गुलाबावरून निकाल देत नाहीत. पण क्लिशीचा गुलाब, क्लिशीची मलमल, क्लिशीचे ते गुलाबी आणि हिरवे रंग एकत्र आले की शंका उरत नाही. क्लिशीची बहुतेक पेपरवेट बिनसहीचीच असतात. काहींत 'सी' अक्षराची चकती सापडते, पूर्ण नाव तर फारच क्वचित. मुकं असणं हा या कारखान्याच्या बाबतीत पुरावाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या स्वयंपाकघरात जे केलं ते दहा दिवस आधी करायला हवं होतं.

डिजिटल काट्यावर पेपरवेट ठेवलं: ३९८ ग्रॅम. मग काट्यावर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवून आकडा शून्यावर आणला. पेपरवेट जाड दोऱ्याच्या फासात अडकवून, बुडाला न टेकवता, पूर्ण बुडेल असं पाण्यात धरलं. काट्यावर आकडा आला १३४. म्हणजे वस्तूने १३४ घनसेंटिमीटर पाणी बाजूला सारलं. ३९८ भागिले १३४, साधारण २.९७. मुरानोची साधी सोडा काच २.५ च्या आसपास भरते. २.९७ म्हणजे काचेत शिसं आहे. क्लिशीची काच बकारा आणि सें-लुईच्या काचेपेक्षा थोडी हलकी भरते, त्याच्याशीही हा आकडा जुळत होता.

आणि त्याहून महत्त्वाचं: पाण्याखाली असताना मी सहज वाकून पाहिलं. प्रकाश वाकवण्याच्या बाबतीत काच आणि पाणी यांच्यातला फरक हवा आणि काच यांच्यातल्या फरकापेक्षा बराच कमी असतो. त्यामुळे पाण्यात भिंगाचं मोठं करणं जवळजवळ थांबतं आणि पृष्ठभागावरचे ओरखडे विरून जातात. आतल्या चकत्या आहेत तिथे, आहेत तेवढ्याच दिसतात. न घासलेलं पेपरवेट पातेल्यात बुडवलं असतं तर धुकं तिथल्या तिथे निवळलं असतं. मुका मार दिसला असता, पण जरा तिरकं करून त्याच्याखाली पाहता आलं असतं. मला भट्टी लागली नसती, यंत्र लागलं नसतं. पातेलंभर पाणी लागलं असतं.

गेलेली काच

किती काच गेली हे कळायला मार्ग नव्हता, कारण आधी वजन केलं नव्हतं, उंची मोजली नव्हती, बाजूने फोटो काढला नव्हता. शेवटी घरच्या अल्बममध्ये नातीच्या बारशाचा फोटो सापडला. मागे टेबलावर दोन्ही पेपरवेट शेजारी शेजारी. तारखेचं तर बदललेलं नव्हतं, मग तेच मोजपट्टी झालं. फोटोत मुकं त्याच्यापेक्षा जेमतेम नखभर ठेंगणं होतं. आता दोघांत चांगलंच अंतर आहे. चार ते पाच मिलिमीटर गेली असावी.

कडेच्या दोन चकत्या काचेच्या कातडीला जवळजवळ भिडल्या आहेत. बोट फिरवलं तर काही लागत नाही, नशीब. पण जो गुलाब पूर्वी वरून भरघोस दिसत असेल, तो आता त्याच्या खऱ्या आकारापेक्षा थोडाच मोठा दिसतो. सुंदर आहे. लहान आहे.

तिसरा निर्णय: सांगायचं की नाही

आता प्रश्न पालटला होता. विकायचं ते तारखेचं नव्हे, हे क्लिशीचं, असं पुतण्या म्हणू लागला. आणि पॉलिशचा उल्लेख करायची काय गरज, कारागिराचं काम इतकं साफ आहे की कुणाला दिसणार नाही.

जाणकाराला दिसतं. घुमटाची बाजूची रेषा सांगते, माथ्यावर वापराची एकही खूण नसणं आणि बुडाशी भरपूर असणं हेही सांगतं. पण दिसलं नसतं तरी माझं उत्तर तेच राहिलं असतं. नोंद मी करणार होते आणि त्या नोंदीत 'घुमट पूर्ण पॉलिश केलेला, उंची कमी झालेली' हे आलंच असतं. सुनेचा नवरा लगेच हो म्हणाला. पुतण्याला पटायला आठवडा लागला.

पर्याय असे उरले: क्लिशीचं आहे त्या स्थितीत, सगळं सांगून लिलावात ठेवायचं. तारखेचं खऱ्या ओळखीने ठेवायचं. किंवा दोन्ही ठेवायची.

तोवर सासूबाईंना कुणी काही विचारलंच नव्हतं. घर त्यांचं, वस्तू त्यांच्या, पण त्या थकलेल्या म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवायचं चाललं होतं. एका रविवारी आम्ही पॉलिश झालेलं पेपरवेट त्यांच्यासमोर ठेवलं. मी सांगणार होते की आत एक गुलाब सापडलाय. त्यांनी ते उचललं, खिडकीकडे धरलं, थोडं डावीकडे कलतं केलं. नेमक्या त्या कोनात, जिथून मार टाळून खाली पाहता येत असे.

"गुलाब तर होताच," त्या म्हणाल्या. "लहानपणी वडील लिहीत बसायचे तेव्हा मी तो शोधायचे. आता शोधावा लागत नाही."

सून माझ्याकडे बघत राहिली. मलाही काही सुचलं नाही.

त्यांनीच पुढे सांगितलं की हे विकायचं नाही, नातीलाच द्यायचं. टेबलाच्या डाव्या कडेवरचा तपकिरी डागही त्यांनी दाखवला. एका उन्हाळ्यात पेपरवेट खिडकीत राहिलं, ऊन भिंगातून एका बिंदूवर आलं आणि लाकूड जळलं. वडिलांनी तेव्हापासून ते कधी खिडकीत ठेवू दिलं नाही. नातीला ते आधी सांगा, म्हणाल्या.

निकाल

तारखेचं पेपरवेट 'इंग्लिश, बर्मिंगहॅम परिसर, १९२०–३० चं दशक, १८४८ ही तारीख शैलीचा भाग' अशा नोंदीसह लिलावात गेलं आणि विकलं गेलं. इंग्लिश पेपरवेट गोळा करणारेही असतात. रक्कम पुतण्याने धरलेल्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आली. तक्रार मात्र कुणाकडून आली नाही, आणि पुढेही येणार नाही, कारण नोंदीत खोटं काही नव्हतं. आश्रमाच्या खर्चातली उरलेली तूट घरातलं एक जुनं कपाट आणि घड्याळ विकून भरून निघाली.

क्लिशीचं नातीकडे आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, दोन्ही वस्तूंना सारखा वेळ. तारीख दिसली की डोळे तिकडेच खिळतात आणि शेजारची वस्तू आपोआप 'दुसरी' होते. मी तारखेवर विश्वास ठेवला नाही याचा मला अभिमान वाटत होता. पण तारखेनेच माझं लक्ष आपल्याकडे ओढून घेतलं, हे मला तेव्हा कळलं नाही. आता मी टेबलावरच्या वस्तू बघताना बिनसहीच्या वस्तूपासून सुरुवात करते.

दुसरं, कुठलंही घासकाम ठरवण्याआधी चार गोष्टी: वजन, पाण्यातलं वजन, उंची आणि व्यास, आणि वरून, बाजूने, बुडाकडून असे तीन फोटो. यातलं काहीही करायला वीस मिनिटांहून जास्त लागत नाहीत. पाणी खोलीच्या तापमानाचं घ्यावं. जाड काच उन्हातून उचलून थंड पाण्यात बुडवू नये. आत तडा असेल तर विशेष जपावं. पातेल्याच्या बुडाशी दुमडलेला टॉवेल ठेवावा, दोरा सुटला तर वस्तू आपटू नये म्हणून. तो टॉवेल ठेवूनच काटा शून्यावर आणायचा.

तिसरं, पॉलिशचा निर्णय आणि ओळखीचा निर्णय एकाच भेटीत घ्यायचा नाही. मधे किमान एक रात्र जाऊ द्यावी. त्या रात्री मला मलमल आठवली असती, असं मला खात्रीने वाटतं. डोळ्यांना ती दिसली होती. घाईत मी तिचा अर्थ लावला नाही.

कारागिरांनी विचारलेला प्रश्नही माझ्या डोक्यातून जात नाही. "हे कुठलं आहे माहीत आहे ना?" आयुष्य क्रिस्टलमध्ये गेलेला माणूस हे विचारतो तेव्हा त्याला काहीतरी जाणवलेलं असतं. तिथे थांबून "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलं असतं तर काम थांबलं असतं. सुनेने माझं मत सांगितलं म्हणून ते गप्प बसले. तज्ज्ञ म्हणून दिलेलं मत दुसऱ्याचं तोंड बंद करतं, म्हणून आता मी लेखी मतात 'पाहणी अपुरी' असेल तर तसं लिहिते.

आणि सासूबाई. त्यांना पहिल्या दिवशी एवढंच विचारायचं होतं की यांतलं तुम्हाला कुठलं आवडतं आणि का. त्यांनी गुलाब सांगितला असता.

नातीने पेपरवेटसाठी स्वतःच्या अक्षरात एक कार्ड केलंय. मी मजकूर सांगायला गेले होते, तिने बराचसा स्वतःच लिहिला. 'क्लिशी, १८५० च्या सुमाराचं. मलमलवर १७ चकत्या, त्यात १ गुलाब. वजन ३९८ ग्रॅम. पॉलिश केलेलं, आधीचं वजन माहीत नाही. खिडकीत ठेवायचं नाही.' त्या कार्डाला तिने बारशाचा तो फोटो चिकटवलाय आणि मागच्या टेबलावरच्या मुक्याभोवती पेन्सिलीने गोल काढलाय.